अरुंद जागेतलं झाड

शहरात झाड लावायचं म्हटलं, की पहिला प्रश्न जागेचा. इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये चार-पाच फुटांची पट्टी उरते. तिच्यातही ड्रेनेजची झाकणं आणि पाण्याचे नळ. मग सगळ्यांच्या तोंडी एकच नाव येतं, अशोक. सरळसोट वाढतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

खरं तर हा अशोक नव्हेच. हा आसुपालव. त्याचं मूळ झाड चांगलं ऐसपैस पसरतं. फांद्या खोडालगत खाली झुकलेला हा उभट प्रकार बागांमधून लोकप्रिय झाला. पण खोटा अशोक म्हणून त्याला हिणवू नये. त्याची पानं तोरणाला येतात, फळं कोकिळा आणि वटवाघळं खातात. त्याच्याकडे नाही ती फक्त सावली.

फारसी-उर्दू कवितेत प्रियेच्या सडपातळ बांध्याला सर्वाची, म्हणजे सायप्रसची उपमा देतात. ताजमहालासमोरच्या पाण्याच्या पाटाशेजारी त्याच्याच रांगा आहेत. झाड देखणं खरं, पण सर्वाखाली बसून कुणी भाकरी खाल्ल्याचं मला एकाही कवितेत वाचल्याचं आठवत नाही.

आमच्या सोसायटीच्या बैठकीत फाटकाजवळच्या जागेचा विषय निघाला, तेव्हा कुणाला फुलं हवी होती, कुणाला कचरा नको होता. चहा घेऊन आलेला वॉचमन हळूच म्हणाला, ‘साहेब, सावलीचं काहीतरी लावा.’ दिवसभर त्या फाटकाशी उन्हात तोच बसतो. झाड कुणासाठी, हे आधी ठरलं की कोणतं झाड, हे ठरवणं सोपं जातं.

थंड मुलखात अशा चिंचोळ्या जागांसाठी रानसफरचंदाच्या उभट जाती लावतात. वसंतात फुलं, पुढे इवली फळं. पण त्या झाडाला हिवाळ्याचा कडक गारठा लागतो. आपण आपल्या उन्हातलीच झाडं शोधायला हवीत.

जागा इमारतीच्या सावलीत असेल आणि ओल टिकत असेल, तर खरा अशोक, म्हणजे सीताअशोक लावावा. वाढतो सावकाश, पण फांद्यांवर केशरी-लाल फुलांचे सुगंधी गुच्छ येतात. ऊन भरपूर असेल आणि एका बाजूला रस्ता मोकळा असेल, तर तामण. हे आपलं राज्यफूल. ऐन उन्हाळ्यात जांभळं होतं, आणि खालच्या फांद्या लहानपणीच काढल्या तर माणूस खाली उभा राहू शकतो. खिडकीपाशी हातभर जागा असेल, तर पारिजातक पुरेसा आहे. बूच उंच आणि सडपातळ खरा, पण त्याचं लाकूड ठिसूळ; वादळात फांद्या मोडतात, म्हणून गाड्यांशेजारी तो नको. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्ष ही मैदानाची झाडं. त्यांना अरुंद बोळात लावायचं आणि पुढे दरवर्षी कुऱ्हाड चालवायची, याला झाड लावणं म्हणत नाहीत.

रोप विकत घेताना आपण त्याची उंची बघतो. विचारायला हवं, की वीस वर्षांनी याचा घेर किती होईल? तो घेर मनातल्या मनात भिंतीवर, विजेच्या तारेवर आणि शेजाऱ्याच्या गॅलरीवर आखून बघावा. एकदा झाड मोठं झालं, की मन बदलून चालत नाही. १९७५ च्या कायद्यानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि ते योग्यच आहे.

लावल्यावरही दोन गोष्टी पाळाव्यात. बुंध्याभोवती फरशी किंवा सिमेंट घट्ट बसवू नये. पाऊस मुळांपर्यंत मुरायला माती उघडी हवी. आणि खोड जाड होऊ लागलं की लोखंडी पिंजरा काढून टाकावा, नाहीतर जो राखायला ठेवला, तोच खोडात रुततो.

आमच्याकडे शेवटी तामण ठरला. पहिल्या पावसात खड्डा खणला, वॉचमनच्याच हातानं रोप लावलं. सावली पडायला काही वर्षं जातील. तोवर त्याच्या खुर्चीवर एक छत्री बांधून दिली आहे.