थर किती टिकला, तेही सांगा



सूर्यप्रकाशाने पाण्याचं विघटन करणाऱ्या पातळ थरांवरची ही परिषद कोल्हापुरात भरते आहे, याचा मला विशेष आनंद आहे. तापलेल्या काचेवर द्रावण फवारून किंवा काच रसायनात बुडवून थर चढवण्याचं काम इथल्या शिवाजी विद्यापीठात कित्येक दशकं चालू आहे. महागड्या निर्वात यंत्रणेवाचून उत्तम संशोधन होतं, हे या गावाने दाखवलं आहे.

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाणी फोडलं. पण त्या पदार्थाला अतिनील किरण लागतात, आणि जमिनीवर पोचणाऱ्या सौरऊर्जेत त्यांचा वाटा पाचेक टक्केच. म्हणून आपल्यापैकी अनेकजण हेमॅटाइटकडे वळले. हे लोहाचं ऑक्साइड स्वस्त, बिनविषारी आणि दृश्य प्रकाश शोषणारं. त्याची खोड मात्र मोठी आहे. प्रकाश पुरता शोषायला थर काहीशे नॅनोमीटर जाड हवा. पण प्रकाशाने सुटलेलं होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, काही नॅनोमीटर सरकतं न सरकतं तोच इलेक्ट्रॉन त्याला गाठतो आणि ऊर्जा उष्णतेत विरून जाते. थर जाड केला तर होल पाण्यापर्यंत पोचत नाही, पातळ केला तर प्रकाश आरपार निघून जातो. उभ्या नॅनोसळ्या, टिन किंवा टायटॅनियमचं डोपिंग, वरून कोबाल्ट फॉस्फेटचा लेप, हे सारे प्रयत्न या एका पेचातून सुटण्यासाठी आहेत. आज-उद्या त्यांवर भरपूर चर्चा होईल.

मला एका गोष्टीचा आग्रह धरायचा आहे. जपानमध्ये डोमेन या संशोधकाच्या गटाने १०० चौरस मीटरची प्रकाशउत्प्रेरक पॅनेल उघड्यावर उभारली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के, पण यंत्रणा कित्येक महिने चालली. माझ्या लेखी त्या टक्क्यांपेक्षा ते महिने मोलाचे आहेत. आपल्याकडे फोटोकरंटचा उंच आलेख झळकतो; थर किती तास टिकला, बाहेरून किती व्होल्ट दिले, हायड्रोजन खरोखर मोजला का, हे पुष्कळदा शोधावं लागतं.

तरुण मित्रांनो, आपल्या पोस्टरसमोर कुणी थांबलं, तर या तीन गोष्टी आधी सांगा. सोलून निघालेल्या थरांबद्दलही मोकळेपणाने बोला, म्हणजे दुसऱ्या प्रयोगशाळेतल्या विद्यार्थ्याचं एक वर्ष वाचेल.