रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी कशाला?

(यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाली, प्रसाद झाला आणि आता कोलेस्टेरॉल! हा क्रम कार्यकारिणीने मुद्दाम ठेवला की काय, ठाऊक नाही. पण हातातला मोदक कोणी लपवू नका. मी डॉक्टर नाही. लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा करून बरीच वर्षे इथल्या सरकारी रुग्णालयात रक्त तपासतो आहे. म्हणून औषध सांगणार नाही. रिपोर्ट कसा वाचावा आणि तो वाचताना आमच्या घरात काय चूक झाली, तेवढे सांगतो.

कोलेस्टेरॉल हे विष नव्हे. पेशींची आवरणे, पित्त आणि काही हार्मोन्स बनवायला ते लागतेच. त्यातले बहुतेक आपले यकृतच तयार करते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून प्रथिनांच्या वेष्टनात बसून प्रवास करते. एलडीएल हे त्यातले एक वाहन. ते जास्त झाले की रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचते. वर्षानुवर्षे थर वाढतो आणि एक दिवस तो फुटून तिथे गुठळी होते. ती हृदयात झाली तर झटका, मेंदूत झाली तर पक्षाघात. एचडीएल हे उलट दिशेचे वाहन. ते जादा कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेते.

रक्तातले एलडीएल ओढून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर रिसेप्टर असतात. या शोधासाठी ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल मिळाले. काही घराण्यांत हे रिसेप्टर जन्मतःच कमी असतात किंवा नीट काम करत नाहीत. म्हणून "मी तर सडपातळ आहे, मला कशाला तपासणी?" हे म्हणणे खरे नाही. घरात कोणाला कमी वयात झटका आला असेल, तर तरुण मुलांचीही तपासणी करून घ्या.

शिवाय हे डोळ्यांना दिसत नाही. ट्रायग्लिसराइड फार वाढले की नळीतले सीरम दुधासारखे गढूळ दिसते, ते आम्हाला बघताक्षणी कळते. पण एलडीएल दोनशे असले तरी सीरम स्वच्छ, पिवळसर असू शकते. जे आम्हाला नळीत दिसत नाही, ते तुम्हाला आरशात कुठून दिसणार? दुखत नाही, खुपत नाही. कळते ते फक्त तपासणीने.

रिपोर्टवर साधारण असे आकडे छापलेले असतात: एकूण कोलेस्टेरॉल २०० पेक्षा कमी, एलडीएल १०० पेक्षा कमी, ट्रायग्लिसराइड १५० पेक्षा कमी, एचडीएल पुरुषांत ४० पेक्षा आणि स्त्रियांत ५० पेक्षा जास्त. पण हे आकडे सगळ्यांसाठी एकच छापतात. ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे, त्याचे एलडीएल ७० च्या खाली, कधी ५५ च्याही खाली आणायला डॉक्टर सांगतात. त्याच्या कागदावर ९५ या आकड्यापुढे 'नॉर्मल' लिहिलेले असेल, तरी त्याच्यासाठी ते नॉर्मल नाही.

आता घरातली गोष्ट सांगतो. आमचे दादा इथेच बसले आहेत, त्यांच्या परवानगीने सांगतो. त्यांना मधुमेह आहे. त्यांचे एलडीएल १६८ निघाले, डॉक्टरांनी स्टॅटिनची गोळी दिली. तीन महिन्यांनी मीच तपासले, ९२ आले. आनंदाने फोन केला, "दादा, रिपोर्ट नॉर्मल आहे!" त्यांनी ऐकले, "आता गोळी नको." गोळी बंद झाली. मी पुढे काही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. आठ महिन्यांनी पहाटे छातीत दुखू लागले. रुग्णालयात दाखल केले तेव्हा एलडीएल १६१ होते. स्टेंट पडला, बाप्पाच्या कृपेने दादा बचावले. गोळी सोडल्यामुळेच झटका आला असे मी छातीठोक म्हणणार नाही, मधुमेह होताच. पण माझा फोन मला आजही आठवतो. ते ९२ गोळीमुळे होते, हे एक वाक्य मी बोललो नाही.

स्टॅटिन यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करते. मग यकृत जास्त रिसेप्टर बनवून रक्तातले एलडीएल खेचून घेते. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी येतो. चष्मा लावून नीट दिसते म्हणून आपण चष्मा फेकून देतो का? अंग दुखते, शंका वाटते, तर डॉक्टरांना सांगा. ते मात्रा किंवा औषध बदलून देतील. मनाने बंद करू नका.

खाण्याचे म्हणाल तर आपण इंदूरकर. पोहे-जिलबी आणि शेव सोडा असे सांगायला मी उभा राहिलो तर तुम्ही मलाच बाहेर काढाल. पण रोज आणि सणाला, यात फरक करा. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल नाही' असे छापलेले वाचून भुलू नका. ते कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात नसते. एलडीएल वाढवते ती मुख्यतः संपृक्त चरबी: साजूक तूप, लोणी, साय, पाम तेल, खोबरेल. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल टाळाच. मोड आलेली कडधान्ये, डाळी, जव, पेरू, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम ताटात वाढवा. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चाला, तंबाखू सोडा.

शेवटी एवढेच मागणे: विसर्जनानंतर घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाची एकदा तपासणी करा, आणि रिपोर्ट हाती आला की डॉक्टरांना विचारा, "माझ्यासाठी किती हवे?" आणि गोळी चालू असेल, तर चांगला आकडा पाहून ती बंद करू नका. दादांच्या गोळीची वेळ झाली आहे, म्हणून मीही थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!