माइसेनचे पांढरे सोने



आपण रोज हातात घेतो त्या कपबशीला ‘चिनी मातीची’ म्हणतो. नावातच तिचे माहेर आले. पोर्सेलीनची विद्या शतकानुशतके पूर्वेकडेच होती आणि युरोपातील राजे त्या शुभ्र भांड्यांसाठी वेडे झाले होते. सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस याने १७१७ मध्ये आपले ६०० घोडेस्वार प्रशियाच्या राजाला देऊन १५१ चिनी भांडी घेतली!

याच ऑगस्टसच्या कैदेत ब्योटगर नावाचा तरुण किमयागार होता. आपण सोने करू शकतो, ही प्रौढी त्याला भोवली होती. सोने झाले नाही. परंतु चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर मातीचे प्रयोग करता करता १७०९ पर्यंत शुभ्र पोर्सेलीन सिद्ध झाले. पांढरी केओलिन माती, तिचे कण सांधणारे खनिज आणि सुमारे १४०० अंश सेल्सियसची आच, हे त्यातील मर्म.

१७१० मध्ये एल्ब नदीकाठच्या माइसेन गावी, टेकडीवरील किल्ल्यात कारखाना निघाला. किल्ला निवडला तो गुपित बाहेर जाऊ नये म्हणून. तरीही फुटलेल्या कारागिरांच्या साह्याने १७१८ मध्ये व्हिएन्नात दुसरा कारखाना उभा राहिलाच. पुढच्याच वर्षी ब्योटगर सदतिसाव्या वर्षी वारला.

माझी हयात कागदांवर ‘गोपनीय’चे शिक्के उमटवण्यात गेली, म्हणून ही कथा मला विशेष बोलकी वाटते. गुपित फुटले, पण माइसेन बुडाले नाही. हेरोल्टसारखा चित्रकार, केंडलरसारखा शिल्पकार तेथे आला. त्यांच्या हाताखाली नवे हात तयार झाले. दोन निळ्या तलवारींची खूण आजही तेथील भांड्यांवर उमटते, ती या हातांच्या बळावर. आणि ती विद्या जगभर गेली म्हणूनच आपल्या बंगळूरातही संस्थानी काळात पोर्सेलीनचा सरकारी कारखाना निघाला. तेथे विजेच्या तारा पेलणारे विद्युतरोधक घडले. राजाच्या दिवाणखान्यातील वस्तू अशी सर्वांच्या दारी दिवा घेऊन आली.

मंडळाच्या या सुवर्णमहोत्सवात एवढेच सुचवावेसे वाटते. जयनगरच्या आपल्या घरांतही मराठी हे असेच एक जपलेले धन आहे. ते कपाटात कुलूपबंद राहिले, तर आपल्याबरोबरच संपेल. नातवंडांच्या हाती द्यावे. क्वचित एखादा टवका उडेल, तो उडू द्यावा. वापरातील भांड्यालाच घरपण असते.