वीटभट्टीचा धूर आणि काळ्या टोकाचा आंबा



आंबा आढीत झाकून का ठेवतात, हे तुम्हाला सांगायला नको. पिकणारे फळ एक वायू सोडते, तो आत कोंडला की बाकीची फळेही पिकू लागतात. हा वायू म्हणजे इथिलीन. झाडाचे ते एक संजीवकच आहे. झाड ते स्वतः तयार करते; त्याच्या हुकमाने फळ पिकते, जुने पान गळते. पण इथिलीन धुरातही असते, आणि झाडाला घरचे कोणते नि परके कोणते हे कळत नाही. रशियातील नेल्युबोव या शास्त्रज्ञाने 1901 साली दाखवून दिले, की दिव्याच्या गॅसने वाटाण्याचे कोंब वेडेवाकडे वाढतात ते याच वायूमुळे.

आता वीटभट्टी घ्या. पावसाळा सरला की ती पेटते, ती पुढचा पाऊस येईपर्यंत. नेमके तेच दिवस मोहोराचे आणि कैरीचे! कोळशाच्या धुरात गंधकाचा वायू असतो, इथिलीनही असते. उत्तर प्रदेश-बिहारकडे भट्ट्यांजवळच्या बागांत कैरीचे टोक आधी पिवळे पडते, मग काळे व टणक होते. देठाकडची बाजू मात्र हिरवीच. दशहरी आंब्याला हा त्रास फार. ही बुरशी नव्हे, तेव्हा बुरशीनाशकावर पैसे घालवू नका. भट्टीच्या वाऱ्याखालची झाडे जास्त लागली आहेत का, ते आधी पाहा.

पानांचीही तीच गत. गंधकाच्या वायूने भाजलेले पान जखम झाल्यासारखे स्वतःच जादा इथिलीन सोडते. देठ धरून ठेवणारे ऑक्झिन हे दुसरे संजीवक तिथे कमी पडते आणि पान गळते. पाण्याची ओढ बसलेले झाड पर्णरंध्रे मिटून घेते, म्हणून धूर कमी आत जातो हे खरे. पण तेवढ्यासाठी कैरीचे पाणी तोडाल, तर फळगळ होऊन नुकसान जास्तच!

खरा उपाय अंतराचा. केंद्र सरकारच्या 2022 च्या नियमांप्रमाणे भट्टी फळबागेपासून किमान 0.8 किलोमीटर दूर हवी. नवी भट्टी जवळ येतेय असे कळले, की विटा रचायच्या आत ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. भट्टी आधीपासूनच असेल तर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, 10 लिटर पाण्यात 60 ग्रॅम विरघळवून फवारतात: मोहोरापूर्वी, मोहोरात आणि फळ धरल्यावर. काळे पडलेले टोक त्याने परत हिरवे होत नाही, म्हणून पहिली फवारणी चुकवू नका. फवारण्याआधी कृषी सहायकाला एकदा बाग दाखवा.