मानेचं दुखणं आणि कारणाचा रकाना

पेन्शनचे कागद बहुतेक घरांत वहिनीच सांभाळतात, तेव्हा आज त्यांनीही रेडिओजवळ बसावं.

हवालदारसाहेब मानेचं दुखणं घेऊन घरी येतात. सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस, 20 टक्के अपंगत्व. रिलीज मेडिकल बोर्डानंच लिहिलेलं. मागोमाग पत्र येतं : दुखण्याचा सेवेशी संबंध नाही, डिसॅबिलिटी पेन्शन नामंजूर. आमचा फौजी पत्राची घडी घालतो, ट्रंकेत टाकतो आणि मानेला पट्टा बांधून शेतावर जातो. अहो, मोठ्या डॉक्टरांनी लिहिलं म्हणून वाचायचंसुद्धा नाही?

बाजारातून बैल आणताना आपण दात बघतो, खांदा चाचपतो. पंधरा वर्षं जू ओढून त्याचा खांदा सुजला आणि कुणी म्हणालं, 'हा मुळातच असा होता', तर ऐकून घ्याल? तुमचीही मान भरतीच्या वेळी चाचपली होती. भरतीचा तो वैद्यकीय कागद म्हणजे तुमची बाजाराची पावती. आणि जू कुठलं होतं, तेही अपिलात लिहा : पाठीवरचं ओझं, डोंगरातल्या रस्त्यांवरचं ड्रायव्हिंग, कुठे पोस्टिंग, कधी हॉस्पिटलात दाखल.

सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितलंय : भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेत जडला असं धरायचं. संबंध नाही म्हणायचं असेल, तर बोर्डानं कारणं द्यायची. शंकेचा फायदा जवानाला. म्हणून सांगतो, बोर्डाच्या कागदांची प्रत मागा आणि कारणाचा रकाना वाचा. तिथे नुसतं 'वयोमानानं झीज' असेल, तर विचारा की 38व्या वर्षी कसलं वयोमान?

पहिलं अपील पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत. मग दुसरं. तिथेही नकार आला, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झालेल्यांचीही दाद लागते, पण थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते. म्हणजे ट्रंकेतलं पत्र तुमचेच पैसे खातंय. वहिनी, ऐकताय ना? कारणाचा रकाना!

सप्टेंबर 2023 नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्यांचं गणित वेगळं. ते आज वेळेत बसणार नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जाताना झेरॉक्स न्या, मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका.