उठून जाणाऱ्यांचंही स्वागत



स्वागताध्यक्षानं गावाचा इतिहास सांगायचा, नदीचं कौतुक करायचं आणि 'काही उणं राहिलं तर सांभाळून घ्या' म्हणायचं, अशी रीत आहे. इतिहास स्मरणिकेत छापला आहे आणि नदी तुम्ही येताना पुलावरून पाहिलीच आहे. म्हणून माझी मिनिटं मी एका बारीकशा गोष्टीवर खर्च करतो. चालू सत्रातून उठून कसं जावं?

हसू नका. आपल्याकडे श्रोता उठतो तो बहुधा कंटाळून नाही. शेवटची एसटी असते, धारेची वेळ झालेली असते, घरी म्हातारी आई एकटी असते. अशा माणसानं चोरासारखं वाकून जायचं कारण नाही. दोन्ही कडेच्या खुर्च्या आणि शेवटच्या दोन रांगा आम्ही त्यांच्यासाठीच ठेवल्या आहेत. तिथं बसावं आणि एक वक्ता संपून दुसरा माइकपाशी येईपर्यंत, टाळ्या चालू असताना उठावं. कविता चालू असताना मात्र नाही. आणि फोन आला तर बाहेर गेल्यावर उचलावा. 'मी संमेलनात आहे, नंतर बोलतो' हे पाच रांगांना ऐकवत जाऊ नये.

मुळात यायचंच नसेल तर तसं कळवण्यातही एक सभ्यता आहे. 1885 साली पुण्यात भरणाऱ्या दुसऱ्या ग्रंथकार सभेचं निमंत्रण न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना पाठवलं. जोतीरावांनी पत्रानं नकार दिला आणि आपण त्या सभेत का बसणार नाही, हे रोखठोक लिहिलं. ते पत्र आजही वाचलं जातं. फोटोपुरतं येऊन मागच्या दारानं सटकणाऱ्याचं काय वाचणार?

बसून राहण्याचं उदाहरण कराडचं. 1975 सालचं संमेलन, देशात आणीबाणी. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणि स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्याच सरकारातले परराष्ट्रमंत्री. दुर्गाबाईंनी सभेला जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सांगितलं. 'दिल्लीचं काम आलं' म्हणून निघून जाणं यशवंतरावांना काय अवघड होतं? ते गेले नाहीत. ज्या पदावर ते होते त्याच नावाच्या पदावरून मी बोलतोय, याचं मला दडपणच आहे.

खरं दुखणं पहिल्या रांगेचं आहे. पाहुण्यांना 'पुढच्या कार्यक्रमाला' जायचं असतं, म्हणून ते आधी बोलतात आणि उठतात. मग त्यांची शाल आणि नारळ सांभाळणारे उठतात, गाडीपर्यंत सोडणारे उठतात, सेल्फी राहिलेले धावत सुटतात. ज्याची पाळी त्यानंतर, तो नवोदित कवी हातात कागद धरून ही पांगापांग बघत उभा असतो. संध्याकाळी तर मंडपवाल्याची पोरं मागून खुर्च्या एकात एक रचत पुढे येतात आणि त्या खडखडाटात कोणीतरी बिचारा तिसरं कडवं म्हणत असतो.

शिक्षकांना उपस्थितीचं प्रमाणपत्र समारोपानंतरच द्यावं, म्हणजे ते जाणार नाहीत, अशी एक सूचना समितीत आली होती. मी ती मान्य केली नाही. कोंडून ठेवलेला श्रोता घड्याळ ऐकतो, वक्ता नाही. प्रमाणपत्रं दुपारी जेवणाच्या वेळीच मिळतील. जेवून कोण थांबतं ते बघू. त्यात आमच्या कार्यक्रमाचीही परीक्षा होईल.

वक्त्यांनाही चार शब्द सांगायला हवेत. वेळ संपली की सूत्रसंचालक चिठ्ठी देतील. दुसरी चिठ्ठीही खिशात घालून जो बोलतच राहील, त्याच्या भाषणातून उठणाऱ्यांना वरचे नियम लागू नाहीत. सत्कार आम्ही सत्रांमधून काढून चहाच्या वेळेत टाकले आहेत, त्याबद्दल सत्कारमूर्तींनी राग मानू नये. मुक्कामी एसटीच्या वेळा प्रवेशद्वाराशी लावल्या आहेत.

आपल्या सर्वांचं मनापासून स्वागत. उद्घाटकांना दुपारी पुण्याला पोचायचं आहे, तसं त्यांनी आधीच कळवलं होतं, म्हणून भाषण झाल्यावर ते निघतील. त्यांना गाडीपर्यंत सोडायला समितीचे दोन कार्यकर्ते नेमलेले आहेत. बाकीच्यांनी कृपया जागेवर बसून राहावं.