निरोप
(संस्थेच्या शाळेतील दहावी व बारावीच्या विद्यार्थ्यांना निरोप देण्याच्या समारंभात, बडोदे येथे, एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



निरोपाच्या दिवशी वडील माणसाने उपदेश करावयाचा आणि मुलांनी समोरच्या चिवड्याच्या पुड्यांकडे पाहत तो ऐकावयाचा, असा आपल्याकडे रिवाज आहे. मीही एके काळी तुमच्याच वयाचा होतो, त्यामुळे या पुड्यांचे आकर्षण मला ठाऊक आहे. त्यातून बडोद्याचा लीलो चिवडा! तेव्हा उपदेश करण्याचा माझा विचार नाही. तीन हकीकती सांगेन आणि एक विनंती करीन. विनंती तुम्हाला थोडी आणि इथे पहिल्या रांगेत बसलेल्या आम्हा म्हाताऱ्यांना अधिक आहे.

आपल्या भाषेत 'निरोप' या शब्दाला दोन अर्थ आहेत. जाणाऱ्याला आपण निरोप देतो, म्हणजे त्याला जावयास मोकळीक देतो. आणि एखाद्याच्या हाती निरोप देतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी पोहोचवावयाची गोष्ट त्याच्यापाशी सांगतो. एकाच शब्दात हे दोन अर्थ नांदतात याचे मला लहानपणी नवल वाटे. आता वाटत नाही. जो निघतो त्याच्या हाती काहीतरी द्यावयाचे असते, आणि ते बहुधा त्याच्या स्वतःकरिता नसते.

पहिली हकीकत या शहरातून निघून गेलेल्या एका मुलाची. कोकणातल्या गागोद्याचे भावे कुटुंब वडिलांच्या नोकरीमुळे बडोद्यास राहत होते. थोरला मुलगा विनायक येथेच शिकला, येथेच कॉलेजात गेला. त्याची आई रुक्मिणीबाई फारशी शिकलेली नव्हती, परंतु भाविक होती. गीता ऐकावयाची तिला फार हौस. पण संस्कृत कळेना. मुलाने एक मराठी समश्लोकी आणून दिली, तर तीही तिला अवघड वाटली. तेव्हा ती म्हणाली की, मग तूच का सोपी करून देत नाहीस? मुलाने ते ऐकून घेतले आणि गोष्ट तेवढ्यावरच राहिली.

१९१६ सालच्या मार्चमध्ये हा विनायक इंटरच्या परीक्षेकरिता मुंबईस निघाला. गाडीत बसला, पण मुंबईस गेलाच नाही. वाटेत सुरतेस उतरला आणि काशीची वाट धरली. परीक्षेला बसला नाही, निरोपसमारंभ झाला नाही, घरी कळले ते पत्राने. हेच पुढे विनोबा झाले. १९१८ साली आई गेली. त्यानंतर एका तपाने, १९३०-३१ मध्ये, त्यांनी गीतेचे मराठीत सोपे समश्लोकी रूपांतर केले. तीच 'गीताई'. ऐकावयास आई नव्हती. पण आज महाराष्ट्रात आणि आपल्या इकडच्या मराठी घरांतून, तिच्याचसारख्या कितीतरी आयांनी ती पाठ केली. आईने एका वाक्यात दिलेला निरोप मुलाने असा पोहोचविला. ज्याला कोणी निरोप दिला नाही असे आपण समजतो, त्याच्यापाशीच खरा निरोप होता.

आता दुसरी हकीकत. ती सांगताना मान थोडी खाली घालावी लागते.

पहिल्या हकीकतीच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे १९१७ साली, एक तरुण बडोद्यास परत आला. सयाजीराव महाराजांच्या या राज्यात विद्येला केवढा मान होता हे तुम्ही शाळेत शिकला आहात. १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले, १९०६ साली ते सबंध राज्याला लागू झाले. १९१० साली बॉर्डन नावाचा ग्रंथपाल अमेरिकेहून बोलावून आणून महाराजांनी राज्यभर वाचनालयांचे जाळे विणले. खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. त्याच महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर या तरुणाला शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षण झाल्यावर बडोदे संस्थानची दहा वर्षे नोकरी करावयाची, असा करार होता. त्या कराराप्रमाणे ते आले.

आले आणि राहावयास जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळीत प्रवेश नाही. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी स्वतःचे नाव झाकून, पारशी नाव सांगून दिवस काढले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. कचेरीत पट्टेवाले कागद लांबून टाकीत. परिचयाचे दोघे होते, दोघांनीही असमर्थता सांगितली. मुंबईच्या गाडीला वेळ होता. तेवढा वेळ काढण्याकरिता हा मनुष्य आपल्या कमाटीबागेत जाऊन बसला. पाच तास बसला. त्या वेळी आपल्याला आईवडिलांची आठवण होत होती, असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे.

मुलांनो, तुम्ही ज्या बागेत सहलीला जाता, ज्या बागेत लहानपणी आगगाडीत बसलात, तीच ही बाग. या गावात त्या वेळी मराठी घरे थोडी नव्हती. दांडियाबाजार, रावपुरा, वाडी, सगळीकडे आपलेच लोक होते. दप्तरांतून आपले लोक, शाळांतून आपले लोक. राज्याने त्यांना निरोप दिला तो राजाला शोभेल असा. गावाने मात्र परत आलेल्या माणसाला एक खोली दिली नाही. ज्याला आपण शिकावयास पाठविले, तोच शिकून आला तेव्हा आपली दारे लागली होती.

म्हणून मी म्हणतो की, निरोपाची परीक्षा निरोपाच्या दिवशी होत नाही. त्या दिवशी हार असतात, भाषणे असतात, डोळे भरून येतात, आणि ते सारे खरेही असते. परीक्षा होते ती गेलेला माणूस परत येतो त्या दिवशी. आपल्या घरांतून 'जातो' म्हणू देत नाहीत, 'येतो' म्हणावयास लावतात. त्या 'येतो'मध्ये जाणाऱ्याने दिलेले वचन आहे असे आपण धरून चालतो. माझ्या मते त्यात घराने दिलेले वचनही आहे. तू ये, दार उघडे असेल, असे ते वचन.

तिसरी हकीकत माझी स्वतःची आहे आणि ती अगदी लहान आहे. मी १९६४ साली एस. एस. सी. झालो. त्या वर्षीच्या निरोपसमारंभाला मी आलो नाही. वर्गाच्या छायाचित्रासाठी प्रत्येकाने दीड रुपया द्यावयाचा होता. आज तुम्ही सकाळपासून खिशातल्या फोनवर शेकडो छायाचित्रे काढली असतील, तुम्हाला याचे हसू येईल. पण आमच्या घरी त्या महिन्यात दीड रुपया नव्हता, आणि नाही हे सांगण्याइतके धैर्य माझ्यात नव्हते. ती संध्याकाळ मी सूरसागराच्या कडेने हिंडून काढली. त्या छायाचित्रात मी नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गशिक्षकांनी मला हाक मारली आणि कागदात बांधलेला चिवडा व पेढा हातात ठेविला. "काल तुझा वाटा राहून गेला," एवढेच म्हणाले. का आला नाहीस, हे विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर मी खोटे बोललो असतो, आणि ते खोटे मला आजवर टोचत राहिले असते. न विचारण्यातही एक दान असते, हे मी त्या दिवशी शिकलो. अर्थात त्या वेळी मला केवळ पेढा समजला. बाकीचे समजावयास वीस वर्षे लागली.

ती अशी. मी नोकरीत स्थिर झालो, या संस्थेचा सभासद झालो, आणि एके वर्षी हिशेबाचे काम माझ्याकडे आले. जुन्या वह्या लावताना १९६४ सालची वही हाती आली. फेब्रुवारीच्या पानावर एक ओळ होती : 'एक विद्यार्थी, परीक्षा फी.' पुढे रक्कम आणि चिटणिसांची सही. नाव नाही, जात नाही, बापाचा धंदा नाही. माझी परीक्षा फी वडिलांनी कोठून तरी उभी केली असे मी तोपर्यंत समजत होतो. घरी येऊन आईला विचारले. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुझ्या मास्तरांनीच सांगितलं होतं, मुलाला कळू देऊ नका."

मी मागची-पुढची पाने उलटली. प्रत्येक वर्षी त्याच महिन्यात त्या ओळी होत्या. एक विद्यार्थी, पुस्तके. एक विद्यार्थी, बूट. एक विद्यार्थिनी, चष्मा. वह्यांच्या वह्या भरल्या होत्या, आणि आज गावात मोठ्या मानाने वावरणारी किती माणसे त्या ओळींत आहेत हे कोणालाही माहीत नाही. आपल्या या संस्थेची सारी श्रीमंती मला त्या बिननावाच्या ओळींत दिसते. आज या वाढदिवसाच्या वर्षी देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जात आहेत. ते योग्यच आहे. परंतु घेणाऱ्यांची नावे कोरली नाहीत, हे त्याहून योग्य झाले.

आता विनंती. आधी वडिलधाऱ्यांना.

आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीच्या पत्रकात 'समाजातील गरजू विद्यार्थी' असे शब्द आहेत. ज्यांनी ते घातले त्यांच्या मनात मुंज, लग्न, श्राद्ध यांनी बांधलेला आपला लहानसा समाज होता, आणि त्या काळी तो खरोखरच गरजू होता. आज या शाळेच्या हजेरीपटाकडे पाहा. मराठी मुले आहेत, गुजराती आहेत, हिंदी बोलणारी आहेत. आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंची मुलगीही याच बाकांवर बसली आहे. आपली स्वतःची कितीतरी नातवंडे मराठी बोलतात पण वाचताना अडखळतात, आणि त्यांना फीची अडचण नाही. अशा वेळी 'समाज' या शब्दाचा अर्थ आपण कोणता करणार? मी घटना बदला असे म्हणत नाही, ते वकिलांचे काम. मी एवढेच म्हणतो की, जो या बाकावर बसला तो आपल्या समाजातला, असे आपण या वर्षापासून समजावे, आणि वहीत पूर्वीप्रमाणेच 'एक विद्यार्थी' एवढेच लिहावे. १९१७ साली कमाटीबागेत बसलेल्या त्या विद्वानाचे देणे बडोद्यावर आहे. ते फिटणारे नाही. पण त्याचे व्याज तरी भरावयास घेऊ या. मला ठाऊक आहे की, या सूचनेला आपल्यात विरोध आहे. तो विरोध करणारे माझे स्नेही आहेत आणि समोरच बसले आहेत. वार्षिक सभेत आपण बोलू. मात्र बोलण्यापूर्वी त्यांनी एकदा त्या जुन्या वह्या पाहाव्यात.

आणि आता तुम्हाला, मुलांनो. पुढल्या महिन्यात परीक्षा आहे. मन लावून अभ्यास करा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी दुसरे सांगतो. निकाल लागेल त्या दिवशी शाळेत या. चांगले गुण मिळाले तर पेढे घेऊन याल, ते आम्ही आनंदाने खाऊ. पण ज्याला गुण मिळाले नाहीत, जो नापास झाला, त्याने तर अवश्य यावे. त्या दिवशी सूरसागराच्या कडेने एकट्याने हिंडू नये. तुमच्या गुरुजनांच्या वतीने मी शब्द देतो, आणि ते माना हलवीत आहेत हे मी येथून पाहत आहे, की तुम्हाला कोणी 'का' म्हणून विचारणार नाही. तुमचा वाटा ठेविलेला असेल.

शेवटी, तुमच्या हाती द्यावयाचा निरोप. तो कोणाला पोहोचवावयाचा, ते मला सांगता येणार नाही, कारण तो मनुष्य तुम्हाला अजून भेटलेला नाही. पुढे कधीतरी, कचेरीत, कारखान्यात, दवाखान्यात, परक्या गावच्या स्टेशनावर, दीड रुपया नसलेला कोणीतरी तुमच्यासमोर उभा राहील आणि नाही म्हणावयाचे त्याला धैर्य होणार नाही. त्याला काही विचारू नका. त्याचा वाटा त्याच्या हातात ठेवा. नाव लिहू नका. तुमच्या शाळेचा निरोप तुम्ही पोहोचविला, असे समजा.

मी आता बसतो. तुम्ही उठाल, पाया पडाल आणि निघाल. निघताना 'जातो' म्हणू नका.